आप्पांना सगळं ऐकू येतं

आमच्या घरात एक शब्द चालत नाही. शिव्या चालतात, माझ्या नवऱ्याचं घोरणं चालतं, आईच्या मालिका तर दिवसभर चालतात. पण 'बहिरा' हा शब्द उंबऱ्याच्या आत आलेला मला आठवत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, पस्तीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यावर डाय आदळून भाग कापणारी ती यंत्रं. एकेक ठोका असा की शेजारच्या खात्यातले चहाचे ग्लास टेबलावर सरकायचे. तिथून रिटायर झाले तेव्हा आप्पांना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि कान मात्र तिथंच राहिले. हे आम्हाला माहीत आहे, आप्पांनाही माहीत आहे, फक्त कुणी म्हणायचं नाही. हाक मारली आणि त्यांनी वळून बघितलं नाही, की आई म्हणते, "मशीन चालू असंल त्यांची." मग आपण समोर जाऊन उभं राहायचं. मशीन बंद होते.

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडं फक्त भिंतीलाच होते.

या न बोलण्याला कारण आहे. लातूरकडच्या आमच्या गावात आप्पांचे एक चुलते होते. त्यांना लहानपणीच ऐकू येईनासं झालं आणि गावानं त्यांचं नाव काढून घेतलं. बहिऱ्या म्हणूनच ते जगले. बहिऱ्याची बायको, बहिऱ्याची पोरं, बहिऱ्याचं खोपट. ते गेल्यावर जलदान विधीला भंतेजींनी त्यांचं नाव विचारलं, तर अख्खा मांडव एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिला. आप्पा तेव्हा विशीत होते. नाव शेवटी त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं असणार, की आपल्याला मरेपर्यंत सगळं ऐकू येईल.

आणि खोटं कशाला बोला, येतंच त्यांना. प्रेस शॉपमध्ये तोंडानं ओरडून काही उपयोग नसतो, तिथली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. कॉलर ओढली की साहेब येतोय. तळहातावर मूठ ठेवली की डबा खायला चला. मनगटावर मनगट आपटलं की पीस रिजेक्ट. कानाची पाळी धरली की माझी चूक झाली, सांभाळून घे. इंग्रजी एबीसीडी यायच्या आधी मला ही भाषा येत होती, कारण घरीही आप्पा तीच बोलायचे. पुढं मीसुद्धा चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला लागले, पण आमच्याकडं सगळं ईमेलवर चालतं. ईमेलमध्ये कॉलर ओढता येत नाही.

तर, चार-पाच वर्षांपूर्वी चिखलीतल्या आमच्या सोसायटीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर असलेल्या एका कॉलेजनं आवारात कलाकेंद्र बांधलं. तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह, बाजूला चित्रांसाठी दालन, आणि गेटवर पाटी: परिसरातील सर्व नागरिकांचे स्वागत आहे. कॉलेजला वाटलं असेल, परिसरातले नागरिक म्हणजे रावेतच्या टॉवरमध्ये राहणारे, कुर्ता घालून गाण्याला मान डोलावणारे. पहिल्या शनिवारी पहिले कोण आले, तर मी आणि आप्पा. कार्यक्रम सहाचा होता. आप्पा शिफ्टच्या सवयीनं सव्वापाचला हजर. आईलाही विचारलं होतं. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "नाटक बघाया एवढं लांब कशाला? हितं काय कमी हाय?"

आप्पांना पहिलीच रांग लागायची. मधल्या खुर्च्यांवर पांढरी कव्हरं, त्या पाहुण्यांच्या. त्या सोडून डावीकडच्या टोकाच्या दोन आमच्या. त्यांचा विचार सरळ होता. ओठ दिसले पाहिजेत.

आता पहिल्या रांगेतून ओठ वाचणारा माणूस काय काय ऐकतो, हे मी तिथं गेल्यावर शिकले. स्टेजवर माइकमधून जे बोललं जातं ते तुम्हा-आम्हाला ऐकू येतं. माइकपासून तोंड बाजूला नेऊन जे बोललं जातं ते आप्पांना. शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमात बुवा डोळे मिटून आलाप घेत होते, सभागृह गार झालं होतं, आणि मध्येच त्यांनी तबलजीकडं मान वळवली. लोक म्हणाले, वा, काय संवाद आहे दोघांत. आप्पा माझ्याकडं झुकले. "ते म्हणायलाय, जरा हळू, सकाळपासून पोटात काय न्हाई." उद्घाटनाला दीप लागेना, तर प्राचार्य हसत हसत शिपायाला जे म्हणाले ते मी इथं लिहू शकत नाही. एकदा एक प्रमुख पाहुणे, पोरींचा नाच ऐन रंगात आलेला, शेजारच्याच्या कानाला लागून विचारत होते, याच्यानंतर किती भाषणं आहेत, मला भोसरीत लग्न गाठायचंय. नंतर माइक हातात घेऊन ते म्हणाले, इथून पायच निघत नाही. मी आणि आप्पा एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

अडचण एकच. आप्पांना आपला आवाज केवढा येतो ते कळत नाही. त्यांची कुजबुज सहाव्या रांगेपर्यंत जाते. रसायनशास्त्राच्या एका सरांनी जादूचे प्रयोग ठेवले होते, मदतीला त्यांची बायको. सरांना रुमाल सापडेना. बायकोनं हसऱ्या चेहऱ्यानं, ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी सांगितलं. सरांना कळलं नाही, आप्पांना कळलं. "डाव्या खिशात हाय," आप्पा म्हणाले. सभागृहात त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या. सरांनी मात्र त्यानंतर आमच्याकडं पाठ करून जादू केली.

तेव्हापासून मी नियम केला, बिनआवाजी बोलायचं. आप्पा नुसते ओठ हलवायचे, मी वाचायची. मलाही हळूहळू जमायला लागलं. दोघंही बाप-लेक तोंडातल्या तोंडात पुटपुटतायत असं बघून मागच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, की तुम्ही कार्यक्रमाला येऊन कसला जप करता. तशी आप्पांना पुटपुटायची सवयही आहे. विहारात वंदनेला ते समोरच्यांचे ओठ बघून म्हणतात, त्यामुळे एक ओळ मागं असतात. सगळ्यांचं साधु, साधु, साधु म्हणून झालं की शांततेत आप्पांचा तिसरा साधु येतो. तिथं कुणी काही म्हणत नाही.

असं आमचं छान चाललं होतं. आठवडाभर मी चाकणला ट्रकच्या मागं लागायचं आणि शनिवारी पहिल्या रांगेत बसून मोठ्या माणसांची लहान बोलणी ऐकायची. एकदा त्यांनी आवारात फुगवलेल्या घुमटातलं तारांगण आणलं. काळोखात आप्पा पाच मिनिटांत झोपले, आणि सप्तर्षींच्या वर त्यांचं घोरणं ऐकू येत राहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "झकास सांगितलं त्या माणसानं." बाईंनी सांगितलं होतं. मी मान डोलावली.

मग आलं ते झाड.

कॉलेजच्या चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रदर्शन दालनात भरलं होतं. मधोमध एका मुलीनं भंगारातल्या पत्र्याचं झाड उभं केलं होतं, माझ्या डोक्यावर हातभर जाईल एवढं. प्रेसमधून भाग कापून गेल्यावर जो भोकाभोकांचा पत्रा उरतो, त्याचीच सगळी पानं. खाली नाव लिहिलेलं: जखम. आणि त्याखाली: कृपया स्पर्श करू नये. आप्पांनी ते वाचलं आणि पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, बोट कापलं. तसं नव्हतं. पत्रा कापला की कडेला सुरीसारखी किनार राहते, तिला कंपनीत 'बर' म्हणतात. ती घासून काढल्याशिवाय भाग पुढं जात नाही. या झाडाच्या एकाही पानाची बर काढलेली नव्हती.

"हे पास कुणी केलं?" आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, आप्पा, ही कला आहे. ते म्हणाले, "असंल. पण बर हाय."

घरी येईपर्यंत ते एवढंच बोलत होते. शाळेची लेकरं येतात तिथं, कुणाचं तरी बोट जाईल. मी हं हं केलं आणि विसरून गेले. तिथंच चुकले. पस्तीस वर्षं ज्यानं रिजेक्ट पीस टेबलावर राहू दिला नाही, तो माणूस रात्री झोपला कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पा सकाळी खिशात कानस घालून, खांद्यावर फडकं टाकून कलाकेंद्रात गेले. रविवारच्या वॉचमनला वाटलं, कॉलेजनंच दुरुस्तीला माणूस बोलावलाय. त्यानं दार उघडून दिलं, पंखा लावला, आणि वरच्या फांद्यांना हात पुरेना म्हणून स्टूलसुद्धा आणून दिलं. आप्पांनी तीन तास काम केलं. खालच्या आणि मधल्या फांद्यांची पानं त्यांनी अशी गुळगुळीत केली की तान्ह्या बाळाच्या हातात द्यावीत. शेंड्याची राहिली, कारण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली आणि प्रेस शॉपचा माणूस डब्याची वेळ चुकवत नाही. जाताना त्यांनी खाली पडलेला लोखंडाचा भुगासुद्धा झाडून नेला.

वॉचमननं वर्णन केल्यावर पहिल्या रांगेतले आप्पा ओळखायला कुणाला वेळ लागणार नव्हता, आणि सोमवारी संध्याकाळी मला कलाकेंद्र बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. तुम्ही आणि तुमचे वडील, दोघंही या.

मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. त्या मला दालनाच्या एका टोकाला घेऊन गेल्या. दुसऱ्या टोकाला झाडापाशी ती मुलगी उभी होती, डोळे लाल, आणि तिच्यासमोर आप्पा. माझं अर्धं लक्ष तिकडं. मुलगी काहीतरी तावातावानं बोलत होती. आप्पा तिच्या ओठांकडं बघत शांत उभे होते.

मॅडम म्हणाल्या, हा नुसता झाडाचा प्रश्न नाही. पहिल्या रांगेतून बोलणं ऐकू येतं अशी तक्रार आहे. जादूवाल्या सरांनी लेखी दिलंय. समितीचं म्हणणं आहे, की यापुढं तुम्ही शेवटच्या रांगेत बसावं.

शेवटची रांग. तिथून ओठ सोडा, नाकसुद्धा दिसत नाही. आप्पांना तिथं बसवणं म्हणजे त्यांना घरी बसवणं. आणि माझा स्वभाव असा की घाबरले की मी जास्त बोलते. मी बोलले.

"मॅडम, ते बहिरे आहेत हो. ठार बहिरे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही त्यांना. वय झालंय, कळत नाही काही. नुसते बसलेले असतात. मीच आणते म्हणून येतात, नाहीतर कुठं जाणार बिचारे."

बिचारे, असंही म्हणाले मी. मॅडमचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अहो, आधी सांगायचं ना. जागेचं मी बघते." जागा वाचली. मला इतकं हलकं वाटलं की मी हसत मान वळवली, आप्पांना खूण करावी म्हणून.

दालनाच्या त्या टोकावरून आप्पा माझ्याकडं बघत होते. माझ्या डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं. किती वेळ बघत होते कोण जाणे. मध्ये पंचवीस फूट अंतर असेल. प्रेस शॉपमध्ये एवढ्या अंतरावरून ते रोज बोलायचे.

त्यात आणखी एक. माझ्या मदतीची तिथं गरजच नव्हती. आप्पांनी त्या मुलीला आपला तळहात दाखवला होता, त्यावरचे बरीचे पांढरे व्रण दाखवले होते, आणि आता ती मुलगी कानस हातात धरून ती कशी फिरवायची ते विचारत होती. पुढं तिनं झाडाखालची पाटी बदलली: जखम, खालच्या फांद्या एका निवृत्त कामगारानं घासल्या आहेत. परीक्षकांना ते फार खोल वाटलं म्हणे. माझ्या बापानं आपलं भांडण आपलं मिटवलं होतं, आणि मी पलीकडं उभी राहून त्याला बिचारा करत होते.

रिक्षात ते सगळा रस्ता बाहेर बघत बसले. मला वाटलं, कदाचित वाचलं नसेल. आपल्याला सोयीचं ते आपण मानतो.

शनिवारी सव्वापाचला आम्ही गेलो. आमच्या दोन खुर्च्यांपैकी आप्पांच्या खुर्चीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवला होता. मॅडमनी शब्द पाळला होता. कागदावर मोठ्या अक्षरांत: कर्णबधिर व्यक्तीसाठी राखीव. सोबत कानाचं चित्र, त्यावर तिरपी रेघ. कुणाला शंका राहू नये.

आप्पांनी ते वाचलं. नखानं हळूच चिकटपट्टी सोडवली, कागदाची चार घड्यांची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, वरून पेन नीट केलं. मग सभागृहाच्या पायऱ्या चढून थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मी मागोमाग गेले. शेजारी बसले, तर ते उठून दोन खुर्च्या पलीकडं सरकले. कार्यक्रम झाल्यावर म्हणाले, "हितून झकास ऐकू येतंय."

असे तीन शनिवार गेले. आप्पा शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. समोर ठिपक्यांएवढी माणसं. लोक हसले की तेही हसायचे, एक क्षण उशिरा. घरी येऊन आईला सांगायचे, आवाज भारी होता गड्याचा. त्यातला एक कार्यक्रम सतारीचा होता.

मला माफी मागायची होती, पण ती मागायची कशी? ओठ वाचणाऱ्या माणसाला ऐकायचं नसेल तर त्याला कान झाकावे लागत नाहीत, नजर वळवली की झालं. मी समोर जायची, ते पेपर वर करायचे. मी पेपर खाली करायची, ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. मी कानाची पाळी धरून उभी राहिले, तर ते छताकडं बघत म्हणाले, पंख्याला धूळ बसलीय. आई जेवण वाढता वाढता म्हणाली, "मशीन चालू हाय. ह्या खेपेला डबल शिफ्ट दिसतीय." मला रागही आला. जागा मी कुणासाठी वाचवली? पण रागाच्या खाली जे होतं त्याला लाज म्हणतात, आणि ती भाताबरोबर गिळता येत नाही. एकटीनं ऐकलेल्या त्या तीन कार्यक्रमांत मला कळलं, की नुसतं माइकमधलं ऐकून कार्यक्रम किती बेचव लागतो.

मग एका रविवारी सकाळी अकराला मूकनाट्य होतं. एकच कलाकार, पांढरा रंग लावलेला चेहरा, तासभर एक शब्द नाही. आप्पांनी पत्रक दोनदा वाचलं. त्या दिवशी ते साडेनऊलाच घरून निघाले, मला न सांगता. मी पोचले तेव्हा ते पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला, आपल्या जुन्या खुर्चीत बसलेले होते. माझ्या खुर्चीवर त्यांची पिशवी. मी पिशवीकडं बघितलं, त्यांनी स्टेजकडं. मी जाऊन उजवीकडच्या टोकाला बसले. आमच्या केंद्रातली पहिली रांग कमानीसारखी वळवलेली आहे, या टोकावरून त्या टोकाचं तोंड दिसतं.

पडदा गेला आणि त्या माणसानं कमाल केली. नसलेल्या दोरीवरून चालला, नसलेल्या कुत्र्याला घाबरला, नसलेल्या लिफ्टमध्ये अडकला. बटणं दाबतोय, दार ढकलतोय, घाम पुसतोय. सभागृहात आधी हशा, मग हळूहळू अशी शांतता की कुणाच्या तरी बांगड्यांचा आवाज आला. मी स्टेजकडं बघतच नव्हते. मी आप्पांकडं बघत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. तीनशे माणसं त्यांच्याबरोबर बसली होती आणि कुणालाही त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येत नव्हतं. ते त्या दिवशी एक क्षणही उशिरा हसले नाहीत.

आणि सवयीनं, हसता हसता, त्यांनी मला सांगायला म्हणून मान वळवली. माझी खुर्ची मोकळी. मग नजर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

मी पटकन कानाची पाळी धरली. या वेळी त्यांनी छताकडं बघितलं नाही. मी ओठ हलवले, आवाज न करता, एकेक अक्षर सुटं करून. चुकलं माझं, आप्पा.

त्यांनी ते वाचलं. मला त्यांचे डोळे माहीत आहेत, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग जरा पुढं झुकले, आणि प्रेस शॉपच्या या टोकापासून त्या टोकाला जावा तसा आवाज काढून म्हणाले, "मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाई."

तीनशे माणसांची डोकी वळली. लिफ्टमधला माणूस नसलेल्या भिंतीवर हात ठेवून तसाच थिजला. मागून मॅडम उभ्या राहिल्या. माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आईनं ऐकलं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरनं ऐकलं नव्हतं. त्याच्या गावानं तर नाहीच. आणि ते त्यानं सांगितलं कुणाला, तर परिसरातील सर्व नागरिकांना, मूकनाट्याच्या मध्यावर. आप्पा खुर्चीत रेलून बसले होते, भुवया वर करून, वाट बघत.

मी उठून उभी राहिले. "चुकलं माझं, आप्पा."

आवाज फुटला नाही नीट. आप्पांनी कानामागं तळहात धरला. "आं?"

लबाड माणूस. "चुकलं माझं," मी ओरडले, रडत ओरडले, पुन्हा असं बोलणार नाही म्हणून ओरडले, सहावी रांग काय, गेटवरच्या वॉचमनलाही कळलं असेल. आप्पांनी समाधानानं मान डोलावली. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मोकळ्या खुर्चीवर थाप मारली. "ये हितं बस मग. मागच्यांना दिसंना झालंय."

मी वाकून, स्टेजसमोरून, पदरानं नाक पुसत पलीकडं गेले. लिफ्टमधल्या माणसानं मी पुढून जाईपर्यंत नसलेलं दार धरून ठेवलं, मग ते लोटून पुन्हा आपल्या अडकण्याला लागला. खुर्चीत टेकल्यावर आप्पांनी खिशातून तो चार घड्यांचा कागद काढला, उलगडला, आणि मला पंख्यासारखा वारा घालायला लागले. कानाचं चित्र तिरप्या रेघेसकट माझ्या नाकासमोर हलत होतं. थोड्या वेळानं त्यांनी कोपरानं मला ढोसलं आणि स्टेजकडं खूण केली.

काय म्हणाला तो? मी ओठांनी विचारलं.

आप्पांनी बिनआवाजी सांगितलं, "म्हणायलाय, लेक कुणाची बी असू दे, आवाज बापावर गेलाय."

मी त्या कलाकाराकडं नीट बघितलं. मी येऊन बसल्यापासून तो आमच्याकडं पाठ करून उभा होता.